सरासरी माणसाचं औषध

क्रॅश टेस्टच्या वेळी ड्रायव्हरच्या सीटवर जो पुतळा बसवतात, त्यातलं जगभर सगळ्यात जास्त वापरलं गेलेलं मॉडेल म्हणजे 'हायब्रिड थ्री'. जनरल मोटर्सने ते १९७६ मध्ये बनवलं. उंची साधारण १७५ सेंटिमीटर, वजन ७८ किलोच्या आसपास. म्हणजे त्या काळातला सरासरी अमेरिकी पुरुष. सकाळी पहिल्या शिफ्टला चाकणकडे निघालेल्या कंपनीच्या बसमध्ये बघा, या मापाची किती माणसं सापडतात. २०११ मध्ये व्हर्जिनिया विद्यापीठातल्या संशोधकांनी खऱ्या अपघातांच्या नोंदी तपासल्या. सारख्याच अपघातात सीटबेल्ट लावलेल्या बाईला गंभीर इजा होण्याची शक्यता पुरुषापेक्षा ४७ टक्क्यांनी जास्त निघाली. बायकांविरुद्ध कुणी कट केला नव्हता. एक शरीर डिफॉल्ट धरलं होतं, एवढंच.

मी गाड्यांच्या कंट्रोल युनिटचं सॉफ्टवेअर लिहितो. डिफॉल्ट व्हॅल्यू ही गोष्ट आमच्या रोजच्या कामातली. कुणीतरी कधीतरी विचार करून एक आकडा टाकतो, मग तो माणूस कंपनी सोडून जातो आणि दहा वर्षांनी तो आकडा निसर्गनियमासारखा वाटायला लागतो. औषधांबद्दल वाचायला लागलो तेव्हा तिथेही हाच पुतळा बसलेला दिसला.

आमच्या पिंपरीत तर औषधाच्या डिफॉल्टचा कारखानाच आहे. हिंदुस्तान अँटिबायोटिक्स, आमच्या भाषेत 'एचए'. एमआयडीसी, बजाज, टेल्को हे सगळे यायच्या आधी, १९५४ मध्ये, जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या मदतीने ही सरकारी कंपनी उभी राहिली आणि पुढच्या वर्षी इथे पेनिसिलिन तयार व्हायला लागलं. नंतर स्ट्रेप्टोमायसिन आलं. या कारखान्यामागची कल्पना मला आजही भारी वाटते: एकच इंजेक्शन, मंत्र्याला तेच आणि मजुरालाही तेच. घेणारा कोण आहे हे त्या कुपीला माहीत नसतं. ज्या देशात पाण्याच्या माठालाही माणूस कोण आहे हे माहीत असायचं, तिथे ही लहान गोष्ट नव्हती.

पण शरीरं सारखी नसतात. स्ट्रेप्टोमायसिनमुळे काहींना ऐकू येणं बंद होतं, हे ते औषध आल्यापासून डॉक्टरांना माहीत होतं. १९९३ मध्ये त्याचं एक कारण सापडलं. पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियाच्या डीएनएमध्ये १५५५ क्रमांकाच्या जागी एक अक्षर बदललेलं असेल, तर या जातीच्या औषधाचा अगदी थोडा डोसही कान कायमचे नेऊ शकतो. हा बदल फक्त आईकडून येतो. म्हणजे मामा, मावशी, आई, भाऊ अशा एकाच घरातल्या लोकांना एकाच इंजेक्शनाने बहिरेपण येऊ शकतं, आणि शेजारच्या घरात त्याच इंजेक्शनाने क्षयरोग बरा होतो. समान वागणूक दिली आणि परिणाम असमान आला. याला अन्याय म्हणायचं का? १९९३ आधी मी नाही म्हणालो असतो. कुणाला माहीतच नव्हतं. त्यानंतर मात्र 'माहीत नव्हतं' हे उत्तर संपलं.

हे आजचं उदाहरण घेऊन बघू. क्लोपिडोग्रेल नावाची गोळी हृदयात स्टेंट टाकलेल्या लाखो लोकांना दिली जाते. रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून. स्वस्त आहे, दहा रुपयांच्या आत एक गोळी. गंमत अशी की गोळी पोटात जाते तेव्हा ती औषध नसतेच. यकृतातलं सिप२सी१९ नावाचं एन्झाइम तिचं औषधात रूपांतर करतं. या एन्झाइमचं जनुक आपल्याकडे दोन प्रतींत असतं, एक आईकडून, एक वडलांकडून. एक प्रत बिघडलेली असेल तर औषध कमी तयार होतं, दोन्ही बिघडलेल्या असतील तर जवळजवळ होतच नाही. माणूस रोज नेमाने गोळी घेतो आणि गुठळीपासून संरक्षण मिळतंय असं समजतो.

किती लोकांत अशी प्रत असते? ब्रिटनमध्ये राहणाऱ्या पाकिस्तानी आणि बांगलादेशी वंशाच्या लोकांच्या 'जीन्स अँड हेल्थ' या अभ्यासात, २०२३ मध्ये, उत्तर आलं ५७ टक्के. अर्ध्याहून जास्त. आपलं शरीर त्यांच्यापासून काही फार दूरचं नाही. आणि हे औषध ज्या मोठ्या चाचणीने प्रस्थापित झालं, ती १९९६ ची 'कॅप्री', त्यात १९,००० हून जास्त रुग्ण होते आणि ते बहुतांश गोरे होते. पुतळा पुन्हा तोच.

अमेरिकेच्या एफडीएने मार्च २०१० मध्ये या गोळीच्या माहितीपत्रकावर सगळ्यात कडक, चौकटीतला इशारा छापायला लावला. हवाई राज्यात आशियाई आणि पॅसिफिक बेटांवरच्या वंशाचे लोक खूप. त्या राज्याने कंपन्यांवर खटला भरला की हे तुम्हाला आधीच ठाऊक होतं आणि तुम्ही सांगितलं नाही. २०२४ मध्ये कोर्टाने ९१ कोटी डॉलरहून जास्त दंड ठोठावला. कंपन्यांना आरोप मान्य नाही. पण 'न सांगणं' याचीही किंमत लावता येते, हे त्या निकालातून दिसलं.

गेल्या वर्षी माझ्या वडलांना स्टेंट टाकला. बाबा भोसरीतल्या एका वेंडर कंपनीत तीस वर्षं प्रेसवर होते. डिस्चार्जच्या आदल्या दिवशी हातात स्ट्रिप आली आणि मी डॉक्टरांना विचारलं, "सर, ही गोळी बाबांच्या शरीरात लागू पडते की नाही, हे टेस्ट करून कळतं ना?"

डॉक्टर तरुण होते, चिडले नाहीत. म्हणाले, "कळतं. पण रिपोर्ट यायला दिवस जातात आणि गोळी आज द्यायचीय. दुसरी गोळी आहे, पण तिने रक्तस्राव जास्त होतो. सगळ्यांनाच ती दिली तर काही लोक त्याने जातील."

आणि बाबा म्हणाले, "अरे, सगळ्यांना हीच देतात ना? मग मलाच वेगळी कशाला?"

डॉक्टरांचा मुद्दा बरोबर होता, पण माझ्या डोक्यात राहिलं ते बाबांचं वाक्य. ते युनियनच्या काळातले. कॅन्टीनचं ताट साहेबाला आणि कामगाराला एकच असावं म्हणून त्यांनी गेटवर घोषणा दिलेल्या. त्यांच्या लेखी वेगळं मागणं म्हणजे एकतर साहेबगिरी, नाहीतर भीक. पर्सनलाइज्ड मेडिसिन, माणसागणिक औषध, याबद्दल जे काही चकचकीत लिहिलं जातं त्यात ही अडचण कुठेच नसते. सारखेपणासाठी ज्यांनी आयुष्य घालवलं, त्यांना 'तुमचं शरीर वेगळं आहे' हे कसं सांगायचं?

मला वाटतं यात दोन सारखेपणांची गल्लत होते. सगळ्यांना एकच गोळी हा एक सारखेपणा. सगळ्यांना लागू पडेल अशी गोळी हा दुसरा. कंपनीत सेफ्टी शूज वाटतात तेव्हा सगळ्यांना आठ नंबरचा बूट देत नाहीत. प्रत्येकाला वेगळा नंबर देतात, आणि त्याला कुणी भेदभाव म्हणत नाही. बूट न होण्याचा त्रास पायाला लगेच कळतो. गोळी न होण्याचा कळत नाही. दुसरा अटॅक आला तर घरचे म्हणतात, नशीब, किंवा पथ्य पाळलं नाही.

बाबांच्या शेजारच्या खाटेवर चाकणच्या एका कंपनीतला कंत्राटी कामगार होता, चाळिशीच्या आतला. त्याच्या हातात तीच स्ट्रिप. त्याच्या जनुकांबद्दल मला काहीच माहीत नव्हतं, फक्त शक्यता माहीत होती. डॉक्टरांनाही होती. टेस्ट न करणं म्हणजे काही न करणं, असं आपण मानतो. आमच्या धंद्यात तसं मानत नाहीत. निम्म्या गाड्यांत सेन्सर चुकीचं रीडिंग देतोय हे कळल्यावरही तोच कोड पाठवला, तर पाठवण्याचा निर्णय घेतला असं म्हणतात.

रिपोर्टला वेळ लागतो ही अडचण मात्र कायमची नाही. मँचेस्टरमध्ये नवजात बाळांना अँटिबायोटिक द्यायच्या आधी तो कानांवाला बदल तपासणारं छोटं यंत्र खाटेशेजारी वापरून बघितलं. उत्तर अर्ध्या तासाच्या आत आलं. बाळाला जंतुसंसर्गात तासाभरात औषध द्यावं लागतं, तेवढ्या वेळात ते बसलं. जुलै २०२४ मध्ये ब्रिटनच्या 'नाइस' या संस्थेने पक्षाघात झालेल्यांना क्लोपिडोग्रेल देताना सिप२सी१९ तपासा, अशी शिफारसही केली. अर्ध्याहून जास्त लोकांना ज्याचा संबंध आहे ते आपण, आणि शिफारस लंडनमध्ये.

आता यात एक खरी भीती आहे, ती टाळून चालणार नाही. माणसागणिक औषध द्यायचं तर आधी 'तू कोण' हे विचारावं लागतं, आणि आपल्याकडे या प्रश्नाचा इतिहास काय आहे ते सांगायला नको. आर्य वैश्य समाजात एक एन्झाइम कमी असण्याचं प्रमाण जास्त आहे. ऑपरेशनच्या वेळी स्नायू सैल करणारं सक्सिनिलकोलीन साधारणपणे काही मिनिटांत उतरतं, पण ते एन्झाइम नसेल तर तासन्‌तास उतरत नाही, रुग्णाला व्हेंटिलेटरवर ठेवावं लागतं. म्हणून दक्षिणेत भूल देणारे डॉक्टर समाज विचारून घेतात. जीव वाचवायला विचारतात, ठीकच आहे. तरी कुणी आडनाव विचारलं की माझ्या पोटात गोळा येतो. उलट जनुकाची टेस्ट मला जास्त सभ्य वाटते. ती जात विचारत नाही. त्या एका जागी कुठलं अक्षर आहे तेवढंच विचारते, आणि त्या समाजातल्याही ज्याच्यात बदल नाही त्याला मोकळं सोडते.

दुसरी भीती पैशांची. माणसागणिक औषध म्हटलं की आपल्याला आठवतं १६ कोटींचं इंजेक्शन. २०२१ मध्ये एसएमए हा जनुकीय आजार असलेल्या बाळांसाठी मुंबईत आणि आमच्या पिंपरी-चिंचवडमध्येही लोकांनी फोनवरून पैसे जमवले. माझ्या ऑफिसमधल्या प्रत्येकाच्या स्टेटसला ती लिंक होती. पण महाग असण्याचेही प्रकार असतात, आणि चाकणच्या माणसाला ते पटकन समजतील.

टाटा मेमोरियल आणि आयआयटी मुंबईतून आलेली नेक्सकार१९ ही कॅन्सरवरची उपचारपद्धती घ्या. ऑक्टोबर २०२३ मध्ये तिला मंजुरी मिळाली. रुग्णाच्याच रक्तातल्या टी-पेशी काढायच्या, नवी मुंबईत त्यात नवं जनुक घालायचं, वाढवायच्या, परत त्याच रुग्णाला द्यायच्या. म्हणजे बॅच साइझ एक. प्रत्येक बॅचचं वेगळं सेटअप, वेगळी क्वालिटी तपासणी, आणि रिजेक्शन झालं तर दुसरा पीस नाही. परदेशात तीन-चार कोटी लागतात ते इथे तीस-चाळीस लाखांच्या घरात आणलं, हे खरंच मोठं काम आहे. तरी ते महागच राहणार, कारण ते खरोखर एकेक बनतं.

एसएमएवरचंच रिसडिप्लाम हे औषध मात्र साधं रसायन आहे, हजारो बाटल्या एका घाण्यात निघतात. त्याची एक बाटली सहा लाखांच्या आसपास होती. ऑक्टोबर २०२५ मध्ये पेटंटचा वाद दिल्ली उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, भारतीय कंपनीचा रस्ता मोकळा झाला आणि बाटली १५,९०० रुपयांना आली. तिथे महागाई कारखान्यातली नव्हतीच, कागदावरची होती.

सिप२सी१९ ची टेस्ट या दोन्हीत बसत नाही. आयुष्यात एकदा करायची, उत्तर बदलत नाही. तिच्यासाठी कुणी स्टेटस ठेवत नाही. बाळाचा फोटो नाही, कोटींचा आकडा नाही. जिनोम इंडिया प्रकल्पात आपल्याच देशातल्या दहा हजार माणसांचे संपूर्ण जनुकसंच वाचून झाले, जानेवारी २०२५ मध्ये तो डेटा संशोधकांना खुला झाला, फरीदाबादच्या केंद्रात तो ठेवलाय. पुतळा बदलायला लागणारी मापं आली आहेत. साचा मात्र जुनाच चालू आहे.

बाबांची टेस्ट शेवटी ताईने हट्टाने करून घेतली. एक प्रत बिघडलेली निघाली. डॉक्टरांनी काही महिन्यांसाठी दुसरी गोळी लावली, रक्तस्रावावर लक्ष ठेवायला सांगितलं. बाबांनी रिपोर्ट दोनदा वाचला, मग सातारच्या काकांना फोन लावला, कारण ती प्रत आजी-आजोबांपैकी कुणाकडून तरी आलेली आणि काकांनाही स्टेंट आहे. ताई म्हणाली, म्हणजे आमच्यातही असू शकते. वैयक्तिक औषध म्हणतात, पण त्या एका कागदात आमचं अख्खं घर होतं.

संध्याकाळी बाबांनी रिपोर्टचा फोटो जुन्या कंपनीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'स्टेंटवाल्यांनी वाचा.' दहा-बारा अंगठे आले, एक गुड नाइटचं फूल आलं. मग कुणीतरी विचारलं, 'ही टेस्ट ईएसआयमध्ये होते का?'