हलू नकोस, इकडे बघ!

मुलांना नटवून बागेत न्यायचं, झाडाखाली उभं करायचं आणि फोटो काढायचा, हा बालपणावर घातलेला दरोडा आहे, असा निकाल आमच्या एका विद्वान स्नेह्यांनी मध्यंतरी एका रविवार पुरवणीत देऊन टाकला. मूल खेळत असताना नकळत टिपलेला फोटो खरा, ‘इकडे बघ, हस’ म्हणून काढलेला खोटा, एवढंच त्यांचं म्हणणं. लेखाचं कौतुक झालं, ते होणारच होतं. मुलांची बाजू घेणाऱ्याकडे आपल्याकडे कुणी पुरावा मागत नाही. लेखासोबत छापलेला फोटो मात्र कौतुक करणाऱ्यांनी नीट पाहिला नसावा. पावसाच्या डबक्यात उडी मारणारी, फाटक्या फ्रॉकमधली एक मुलगी. कॅमेऱ्याकडे तिचं लक्षही नाही, म्हणजे स्नेह्यांच्या हिशेबात फोटो अस्सल. आपला फाटका फ्रॉक उद्या घरोघरी चहाबरोबर पाहिला गेला तर चालेल का, हे त्या पोरीला कुणी विचारलं होतं का? लेखात याविषयी अवाक्षर नाही.

मला नेमकं उलट वाटतं. नकळत काढलेल्या फोटोत मुलाचा वाटा शून्य असतो. सगळा फोटो काढणाऱ्याचा. पोज देताना मुलाला निदान एवढं ठाऊक असतं, की समोर कॅमेरा आहे, कुणीतरी आपल्याला बघतंय आणि आपण कसं दिसायचं ते थोडंफार आपल्या हातात आहे. हे थोडंफार फार मोलाचं आहे.

हल्ली फोटोशूट म्हणून जे चालतं त्याची वकिली मला करायची नाही. वेताच्या टोपलीत कोंबलेली, डोक्यावर सूर्यफूल बांधलेली तान्ही बाळं मीही पाहिली आहेत. कासच्या पठारावर पोराचा ‘फुलांतला’ फोटो हवा म्हणून ज्या फुलांसाठी आलो त्यांच्यावरच फतकल मारणारी कुटुंबंही पाहिली आहेत. भर बारा वाजता पोराला सूर्याकडे तोंड करून उभं करायचं आणि वर ‘डोळे उघड ना रे’ म्हणून ओरडायचं, हा तर निव्वळ अडाणीपणा. बरा फोटोग्राफर अशा वेळी मुलाला सावलीत घेतो आणि स्वतः गुडघ्यावर बसतो. पण वाईट रीतीने होतं म्हणून ते करणंच वाईट, हा न्याय लावायचा तर आधी वैचारिक लेखच बंद करावे लागतील.

स्नेह्यांनी साक्षीला वॉल्टर बेंजामिनला बोलावलंय. हा माझा लाडका लेखक, तेव्हा इथे जरा रेंगाळणं भाग आहे. १९३१ साली छायाचित्रणाचा छोटेखानी इतिहास लिहिताना बेंजामिन फ्रान्झ काफ्काच्या लहानपणच्या एका फोटोपाशी थांबतो. सहाएक वर्षांचा काफ्का स्टुडिओत उभा आहे. अंगात झालरींनी लादलेला, तंग, जवळजवळ अपमान करणारा पोशाख. मागे ताडामाडांची पानं. हातात मोठ्या काठाची भलीथोरली टोपी. यावरून स्नेही म्हणतात, पाहा, पोजमध्ये मुलाचा कसा छळ होतो! छळ होता, मान्य. पण बेंजामिन पुढे काय म्हणतो ते त्यांनी सोयीस्करपणे गाळलंय. त्या सगळ्या देखाव्यात हे पोर हरवूनच गेलं असतं, पण त्याचे अपार उदास डोळे त्या देखाव्याला पुरून उरतात, असा त्याचा रोख आहे. झालरी शिंप्याच्या, पानं स्टुडिओवाल्याची, हौस आईबापांची. डोळे तेवढे काफ्काचे. हे डोळे आपल्याला दिसतात कशामुळे? पोराला ‘इकडे बघ’ म्हटलं आणि त्याने बघितलं म्हणून. तो अंगणात खेळत असता तर आपल्याला त्याची पाठ मिळाली असती.

याहून गंमत पुढे आहे. स्वतःच्या बर्लिनमधल्या बालपणाविषयी लिहिताना बेंजामिन आपलाही असाच एक फोटो वर्णन करतो. तीच मोठी टोपी, तीच ताडाची पानं. अभ्यासकांनी हे केव्हाच दाखवून दिलंय, की काफ्काचा फोटो त्याने चक्क स्वतःच्या आठवणीत ओढून घेतला. मुलांच्या पोजला हसणाऱ्या माणसाला आपलं बालपण सांगायला दुसऱ्या मुलाची पोज उसनी घ्यावी लागली! खोट्या गोष्टीतून कुणी एवढं उसनं घेत नाही.

काफ्काच्या काळी बाहेरची झाडं आत आणून त्यांना स्टुडिओ म्हणत. आज उलट आहे, स्टुडिओच बाहेरच्या झाडांत नेतात. छत्र्या, रिफ्लेक्टर, मागचं सगळं धूसर करणारी लेन्स. बाग खरी असते, पण फोटोत ती पडद्यासारखीच दिसते. आणि तरीही मूल त्यातून वाट काढतंच. आपल्याकडचे बोरन्हाणाचे जुने फोटो काढून बघा. आत उजेड पुरत नाही म्हणून गच्चीवर किंवा अंगणात घेतलेले, काळं झबलं, हलव्याचे दागिने. मुकुटाचा दोरा कपाळात रुतलेला असतो, बाजूबंद कोपरापर्यंत घसरलेला असतो आणि हाराच्या खालच्या टोकाला दोन दाणे हमखास कमी असतात. ते त्या क्षणी गालात असतात. घरच्यांनी कृष्ण उभा केला होता. फोटोत आलाय हलवा चघळणारा, सावध नजरेचा एक स्वतंत्र गृहस्थ.

आता लुईस हाइन. न्यूयॉर्कचा हा शिक्षक १९०८ पासून अमेरिकेतल्या बालमजूर समितीसाठी फोटो काढत हिंडला. गिरण्यांत शिरायला तो कधी विमा एजंट होई, कधी बायबल विकणारा. आत घेतलं नाही, की फाटकाबाहेर पाळी सुटण्याची वाट बघत थांबे आणि पोरांना उजेडात ओळीने उभं करी. उंची कळावी म्हणून मूल आपल्या कोटाच्या कितव्या बटणाला लागतं ते पाहून ठेवी. बरीचशी पोरं पोज दिलेली, थेट कॅमेऱ्यात बघणारी. १९१६ साली बालमजुरीविरोधी कायदा झाला तेव्हा त्यामागे हे फोटो होते. १९१८ साली न्यायालयाने तो कायदा रद्द केला आणि १९३८ पर्यंत पोरांना वाट बघावी लागली, पण तो दोष पोजचा नव्हे. एखाद्या मजूर पोराची सुटी गंमत नकळत टिपली असती तर गिरणीमालकानेच ती दिवाणखान्यात लावली असती. समोर उभं राहून रोखून बघणारं पोर दिवाणखान्यात लावता येत नाही.

आपल्याकडेही छायाचित्रकार गौरी गिल यांनी २००३ साली बिकानेर जिल्ह्यातल्या लूणकरणसरच्या बालिका मेळ्यात फोटोचा एक तंबू लावला. ज्या मुलीला वाटेल तिने यावं, मैत्रिणीला घेऊन यावं, हवं तसं उभं राहावं आणि वाटलं तर आपला फोटो स्वस्तात विकत घ्यावा. बाहेर ज्या मुलींना मान वर करून बघायची चोरी, त्या इथे खुशाल कॅमेऱ्याला नजर देतात. कसं उभं राहायचं हे ठरवणं हाच त्यांच्यापुरता मेळा होता.

इथवर सगळं माझ्या बाजूने आहे. पण अमेरिकन छायाचित्रकार सॅली मान आडवी येते. व्हर्जिनियात नदीकाठच्या घरी तिने आपल्याच तीन मुलांचे फोटो मोठ्या लाकडी कॅमेऱ्यावर काढले. पोज दिलेले, पुन्हा पुन्हा जुळवलेले, उन्हाळ्यात मुलं असतात तशी काही वेळा उघडी. १९९२ साली पुस्तक निघालं आणि वादळ उठलं. मुलं या खेळात भागीदार होती, कुठला फोटो छापायचा नाही हे सांगण्याचा हक्कही त्यांना होता. म्हणजे माझ्या सगळ्या अटी इथे पाळल्या गेल्या होत्या. तरी जानेवारी २०२५ मध्ये टेक्सासमधल्या एका संग्रहालयातून पोलिसांनी त्यांतले काही फोटो उचलून नेले. पुढे खटला उभा राहिला नाही, हे योग्यच झालं. पोलिसांना कलेतलं कळत नाही असं म्हणून हात झटकणं सोपं आहे, पण अडचण त्याने सुटत नाही. मूल होकार देतं ते समोरच्या आईला, त्या दुपारला. तीस वर्षांनंतर कुठल्याशा भिंतीसमोर उभ्या राहणाऱ्या अनोळखी माणसाला ते होकार देऊच शकत नाही, कारण तो माणूस त्याच्या कल्पनेतही नसतो. पोज मुलाची आहे, हे मी सोडत नाही. पण बघणारा कोण, हे ठरवणं मुलाच्या हातात नाही आणि पोज कितीही खरी असली तरी ते तिच्यातून मिळत नाही.

म्हणजे स्नेह्यांनी भांडण लावलं तेच चुकीच्या जागी. पोज की नैसर्गिक, हा प्रश्नच नाही. फोटो जातो कुठे, हा आहे. फ्रान्सने फेब्रुवारी २०२४ मध्ये कायदा करून सांगितलं, की मुलाच्या प्रतिमेचा हक्क आईबापांनी मिळून जपायचा आणि वय, समज पाहून मुलालाही विचारायचं. गरज पडली तर न्यायाधीश एका पालकाला फोटो टाकण्यापासून रोखू शकतो. आपल्या २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात अठराखालच्यांसाठी पालकांची संमती लागते, पण घरगुती वापर कायद्याबाहेर आहे. राखणदारच फोटो टाकत असेल तर संमती कुणाची घ्यायची, हे कायदा सांगत नाही.

कायद्याची वाट बघायची गरजही नाही. मुलाला खुशाल उभं करा, नटवा, हसवा. रडलं तर रडण्याचाही फोटो काढा. कागदावर छापा, अल्बममध्ये लावा, आजीला द्या. त्यापलीकडे पाठवायचा असेल तर थांबा. ज्याने पोज दिली त्याला मोठं होऊन ठरवू द्या, आणि त्याने ‘नको’ म्हटलं तर आपल्याला कितीही आवडला असला तरी तो फोटो पेटीतच राहील. तोवर ज्यांना फक्त नकळत टिपलेली मुलंच खरी वाटतात, त्यांनी एकदा स्वतःचे नकळत टिपलेले फोटो जगापुढे मांडून दाखवावेत. मग सत्याविषयी बोलू.