यशस्वी चाचणीवर संशय

18 जून 2025 च्या रात्री टेक्सासच्या दक्षिण टोकाला स्पेसएक्सचे एक स्टारशिप यान चाचणीच्या ओट्यावर उभ्या उभ्या फुटले. उड्डाण नव्हतेच, इंजिने पेटवून पाहण्याआधी टाक्या भरणे चालू होते. नाकाडाच्या भागात बसवलेली नायट्रोजनची दाबटाकी फुटली आणि तिने सगळे यान सोबत नेले, असे कंपनीने पुढे सांगितले. कोणी जखमी झाले नाही. त्याआधी जानेवारी, मार्च आणि मे या तीन महिन्यांतल्या उड्डाणांतही यान हातचे गेले होतेच, त्यामुळे जुना वाद नव्याने पेटला. एक बाजू म्हणते, फुटल्याशिवाय शिकता येत नाही. दुसरी म्हणते, जे जमिनीवर उभे राहत नाही ते माणसांना चंद्रावर काय नेणार? दोन्ही बाजू एकच चूक करतात, असे माझे मत आहे. दोघीही स्फोट मोजतात. पण माणसांच्या चांद्रमोहिमांचा इतिहास काढून पाहिला, तर जीव घेणारे किंवा ज्यांत जीव जाता जाता वाचले असे अपघात बहुधा गाजलेल्या स्फोटांच्या वाटेने आलेले नाहीत. ते आले यशस्वी ठरवलेल्या चाचण्यांच्या वाटेने. काहीतरी बिनसलेले दिसत होते, तरी काम भागले म्हणून ते पुढे रेटले गेले.

स्फोटाचा एक गुण असतो, त्याच्याकडे कानाडोळा करता येत नाही. 20 जानेवारी 1967 रोजी सॅक्रामेंटो येथे सॅटर्न 5 अग्निबाणाचा तिसरा टप्पा असाच ओट्यावर फुटला. टायटॅनियमच्या हेलियम गोळ्याच्या सांध्याला चुकीच्या धातूने वेल्डिंग झाले होते. कारण सापडले, तसे गोळे बाजूला काढले गेले, प्रकरण मिटले. पण त्यानंतर आठवड्याभरात, 27 जानेवारीला, केप केनेडीवर अपोलो 1 च्या तालमीत आग लागली आणि ग्रिसम, व्हाइट आणि चॅफी हे तिघे अंतराळवीर कुपीतच गेले. ती तालीम धोकादायक चाचण्यांच्या यादीत नव्हती, कारण अग्निबाणात इंधन भरलेले नव्हते. कुपीत शुद्ध ऑक्सिजन, तोही बाहेरच्या हवेपेक्षा थोड्या जास्त दाबाने. हीच पद्धत मर्क्युरी आणि जेमिनीच्या वेळी वापरली होती आणि तेव्हा काही झाले नव्हते. ‘आजवर काही झाले नाही’ हा त्या पद्धतीच्या बाजूचा मुख्य पुरावा होता.

चाचणी यशस्वी होते म्हणजे नेमके काय होते, हे समजायला अपोलो 6 चे उदाहरण मला सर्वांत उपयोगी वाटते. 4 एप्रिल 1968 चे हे उड्डाण मानवरहित होते. पहिला टप्पा लांबीच्या दिशेने हादरे देऊ लागला, दुसऱ्या टप्प्यातली पाचपैकी दोन इंजिने मध्येच बंद पडली आणि तिसरा टप्पा कक्षेत पुन्हा पेटलाच नाही. बंद पडलेल्या इंजिनांपैकी एक तर धडधाकट होते. तारा उलटसुलट जोडल्यामुळे बिघडलेल्या इंजिनाला द्यायचा ‘बंद हो’ हा आदेश त्याला गेला. खरा बिघाड होता ठिणगीच्या जागी इंधन नेणाऱ्या एका बारीक नळीत. या नळीला लवचिक पन्हाळीदार भाग होते. जमिनीवर तीच नळी कितीतरी वेळा चाचणीत उत्तीर्ण झाली होती. मग आकाशात ती का तुटली? नळीतून द्रवरूप हायड्रोजन वाहत असल्याने जमिनीवर तिच्याभोवती हवा गोठून बसत असे आणि तो थर कंपने शोषून घेत असे. वर हवाच नाही, थर नाही, आणि मोकळी नळी थरथरून तुटली. निर्वात कक्षात प्रयोग केल्यावर ती डोळ्यांदेखत तशीच तुटली, तेव्हा खात्री पटली. म्हणजे जमिनीवरची चाचणी प्रामाणिकपणे उत्तीर्ण झाली होती. फक्त तिने विचारलेला प्रश्न वेगळा होता.

यावर लगेच आक्षेप येईल: मग सगळे उडवूनच पाहावे, जमिनीवरच्या चाचण्यांचा खटाटोप कशाला? या मार्गाने सोव्हिएत संघ गेला आहे. त्यांच्या एन-1 या चांद्र अग्निबाणाच्या पहिल्या टप्प्यात तीस इंजिने होती. पूर्ण टप्पा एकत्र पेटवून पाहण्याचा ओटा बांधलाच नाही. इंजिनांतले काही व्हॉल्व्ह एकदाच चालणारे, म्हणून सहाच्या गटातून दोन पेटवून पाहायची आणि उरलेली चार विश्वासावर बसवायची. फेब्रुवारी 1969 ते नोव्हेंबर 1972 या काळात चार उड्डाणे झाली, चारही फसली. 3 जुलै 1969 च्या दुसऱ्या उड्डाणात अग्निबाण तळावरच कोसळला आणि तळ उद्ध्वस्त झाला. शेवटचे उड्डाण 107 सेकंद टिकले, पहिला टप्पा सुटायला थोडाच अवधी उरला होता. उडवून शिकण्याची पद्धत वाईट होती असे यातून निघत नाही; शिकायला लागणारा वेळ आणि पैसा संपला, एवढेच निघते. याच्या उलट अमेरिकेत सॅटर्नच्या एफ-1 इंजिनाच्या ज्वलनकक्षात मुद्दाम लहान स्फोटके उडवत, ज्वाला डगमगते का आणि किती वेळात सावरते ते मोजत. अपयश पाहिजे त्या जागी, पाहिजे त्या वेळी आणि मोजमापाची साधने तयार ठेवून घडवायचे. मला तरी चाचणी हा शब्द अशाच कामाला शोभतो.

आता अपोलो 13. एप्रिल 1970 मध्ये चंद्राच्या वाटेवर त्याची ऑक्सिजनची टाकी फुटली, हे सर्वांना माहीत असते. ती टाकी उड्डाणाआधीच बोलली होती, हे कमी लोकांना माहीत असते. कारखान्यात हाताळताना ती सुमारे दोन इंच उंचीवरून आदळली होती. मार्च महिन्यातल्या तालमीनंतर ती रिकामी करताना ऑक्सिजन नेहमीच्या मार्गाने बाहेर येईना. नळी ढिली झाली असावी असा अंदाज बांधला गेला, टाकी बदलली तर महिनाभर उशीर होईल असाही विचार झाला, आणि आतला तापक चालू ठेवून ऑक्सिजन उकळून घालवण्याची युक्ती निघाली. युक्ती चालली. तापक सुमारे आठ तास चालू राहिला. टाकीतले थर्मोस्टॅट 28 व्होल्टसाठी बनवलेले. तळावरचा पुरवठा 65 व्होल्टचा. पुरवठा वाढवण्याचे ठरले तेव्हा पुरवठादाराने बाकी सगळे बदलले, हा एक भाग राहून गेला. उघडताना तो वितळून चिकटला आणि तापक बंद होईना. तंत्रज्ञासमोर तापमान दाखवणारा काटा होता, पण त्याची पट्टीच 80 अंश फॅरनहाइटपर्यंत होती, कारण टाकी त्याहून गरम होणार नाही हे गृहीत होते. काटा पट्टीच्या टोकाला जाऊन बसला आणि तिथेच राहिला. आत काही भागात तापमान हजार अंशांच्या आसपास गेले, तारांवरचे टेफ्लॉन जळून तडकले. टाकी रिकामी झाली, म्हणजे काम झाले, म्हणून ती उड्डाणाला मंजूर झाली. याला वेळ मारून नेणे म्हणतात. तीन माणसे परतली ती चांद्र अवतरक अजून यानाला जोडलेला होता म्हणून. हीच टाकी परतीच्या वाटेवर फुटती, तर अवतरक सोबत नसता.

चॅलेंजर या अंतराळ शटलच्या अपघाताच्या चौकशीत भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांनी याच वृत्तीचा हिशेबी नमुना दाखवला. बूस्टरच्या सांध्यातली रबरी कडी आधीच्या उड्डाणांत जळालेली आढळली होती. एकदा ती त्रिज्येच्या एक तृतीयांश जळाली, म्हणून सुरक्षिततेचे प्रमाण तिप्पट असल्याचे मानले गेले. फाइनमन यांचे म्हणणे, कडी जळणे हे मुळात रचनेत धरलेलेच नव्हते. ती जराही जळाली तर रचना चुकली. जे व्हायलाच नको होते ते थोडे झाले, यात शिल्लक मोजण्यासारखे काही नाही. तरीही तीच वृत्ती पुढे चालू राहिली: ऑक्टोबर 2002 मध्ये इंधनटाकीवरचा फेस सुटून बूस्टरच्या एका भागाला लागला, उड्डाण सुखरूप पार पडले, शटल उडत राहिले आणि 1 फेब्रुवारी 2003 रोजी कोलंबिया कल्पना चावलांसह सात जणांना घेऊन हवेत विखुरले.

म्हणून माणसांना पुन्हा चंद्रावर नेण्याच्या नासाच्या आर्टेमिस कार्यक्रमात माझे लक्ष स्टारशिपच्या स्फोटांपेक्षा ओरायन कुपीच्या कवचाकडे जास्त जाते. डिसेंबर 2022 मध्ये आर्टेमिस 1 ची रिकामी ओरायन समुद्रात अलगद उतरली. आत माणसे असती तर त्यांना त्रास झाला नसता. पण उष्णतारोधक कवचाचे जळलेले तुकडे शंभराहून अधिक जागी निघून पडले होते. कारण शोधायला जवळपास दोन वर्षे लागली. परतताना कुपी वातावरणात शिरते, जराशी वर उसळते आणि पुन्हा शिरते. त्या मधल्या टप्प्यात उष्णता कमी असल्याने कवचातले वायू कोंडून राहिले आणि दाबाने तडे गेले. जमिनीवरच्या चाचण्यांत उष्णता जास्त होती, त्यामुळे थर सच्छिद्र होऊन वायू निघून जात. पुन्हा तेच, चाचणी कडक होती आणि म्हणूनच फसवी ठरली. दुसऱ्या मोहिमेसाठी तेच कवच ठेवून परतीचा मार्ग बदलण्याचे नासाने ठरवले. हा निर्णय मी बेजबाबदार म्हणणार नाही, कारण तडे प्रयोगशाळेत पुन्हा पाडून दाखवले गेले होते. जळक्या कडीच्या बाबतीत तेवढेही झाले नव्हते. खटकते ते दुसरेच. त्या कवचाची बोलकी छायाचित्रे लोकांसमोर आली ती मे 2024 मध्ये, नासाच्या महानिरीक्षकांच्या अहवालातून.

स्टारशिपच्या बाजूने एक गोष्ट नोंदवली पाहिजे. नासाने आखलेल्या आराखड्यात अंतराळवीर पृथ्वीवरून स्टारशिपमध्ये बसून निघत नाहीत. ते ओरायनने जातात. स्टारशिपचा एक प्रकार फक्त चंद्राच्या कक्षेतून खाली नेण्यासाठी आणि वर आणण्यासाठी आहे. तेव्हा टेक्सासमधला स्फोट पाहून ‘यात माणसे असती तर’ असे म्हणणे जरा घाईचे आहे. जानेवारी 2025 मधल्या सातव्या उड्डाणाचा अवशेष-पाऊस टर्क्स आणि केकोस बेटांवर पडला, विमाने वळवावी लागली. हा भुर्दंड ज्यांनी प्रयोग मागितला नव्हता त्यांना बसला आणि त्याबद्दलची तक्रार रास्त आहे. पण शिकण्याच्या दृष्टीने ते उड्डाण बोलके होते. जमिनीवर दिसली त्याच्या कितीतरी पट जोराची कंपने उड्डाणात आली आणि गळती झाली, असे कंपनीने सांगितले. अपोलो 6 ची नळी आठवावी. स्पेसएक्सच्याच फाल्कन 9 अग्निबाणाचे बूस्टरही समुद्रात आणि तराफ्यांवर फुटत फुटतच उतरायला शिकले, हा या पद्धतीचा सर्वांत भक्कम पुरावा आहे.

तो पुरावा चंद्रावर मात्र अर्ध्यातच थांबतो. फाल्कनचे शिक्षण फुकटात चालले होते; उपग्रह कक्षेत पोचवून झाल्यावर उरलेल्या बूस्टरवर प्रयोग होत आणि आठवड्यांत पुढची संधी येई. चंद्रावर उतरण्याची संधी अशी येत नाही. त्यासाठी आधी पृथ्वीच्या कक्षेत एकामागून एक टँकर याने पाठवून अतिथंड मिथेन आणि ऑक्सिजन भरून घ्यावे लागते. दहापासून वीसपर्यंत फेऱ्यांचे आकडे चर्चेत आहेत, आणि 2021 मध्ये कंत्राट दिले तेव्हा असे काम या प्रमाणावर कोणी केलेले नव्हते. पुढे जवळजवळ पन्नास मीटर उंचीचे यान दक्षिण ध्रुवाजवळच्या उंचसखल जमिनीवर उभे ठेवायचे. फेब्रुवारी 2024 आणि मार्च 2025 मध्ये इंट्युइटिव्ह मशीन्स या कंपनीचे दोन लहान लँडर तिथल्याच भागात आडवे झाले. पृथ्वीवरून निघताना बिघाड झाला तर कुपी ओढून नेणारा सुटकेचा अग्निबाण असतो. चंद्रावरून निघताना इंजिन पेटले नाही तर तशी कसलीच सोय नाही. आणि मूळ करारातल्या मानवरहित तालमीत उतरून दाखवणे पुरेसे होते, परत उडून दाखवणे बंधनकारक नव्हते. स्फोटांवर रकानेच्या रकाने लिहिणाऱ्यांनी या एका अटीवर लिहायला हवे होते.

शेवटचा आक्षेप धाडसाचा. अपोलो 6 इतके बिघडूनही पुढच्याच सॅटर्न 5 वर डिसेंबर 1968 मध्ये अपोलो 8 चे तिघे चंद्राला वळसा घालून आले. आजच्या कसोट्या लावल्या असत्या तर ते गेलेच नसते, आणि चीन 2030 च्या आत माणूस उतरवण्याच्या तयारीत असताना एवढी सावधगिरी परवडणार कशी? पण अपोलो 8 चे धाडस आंधळे नव्हते. आठ महिन्यांत नळी बदलली, तारांची चूक सापडली, हादऱ्यांवर हेलियमचा उपाय करून तो जमिनीवर तपासला. अज्ञात कारण घेऊन कोणी उडाले नाही. आणि चीनचे म्हणाल तर ऑगस्ट 2025 मध्ये त्यांनी लान्युए लँडरचे उतरणे आणि पुन्हा उड्डाण घेणे, दोन्ही हेबेई प्रांतात जमिनीवर करून पाहिले. घाई असलेला देशही तालमीत परतीचा भाग गाळत नाही.

भारतालाही 2040 पर्यंत माणूस चंद्रावर पाठवायचा आहे, त्यामुळे हा वाद आपल्याला परका नाही. इस्रोचा पूर्वानुभव चांगला आहे. सप्टेंबर 2019 मध्ये चांद्रयान-2 चा विक्रम लँडर चंद्रावर आदळल्यावर पुढच्या मोहिमेसाठी उतरण्याची जागा 500 मीटर चौरसावरून 4 किलोमीटर लांब आणि 2.4 किलोमीटर रुंद केली, पाय मजबूत केले, इंधन वाढवले, मधले पाचवे इंजिन काढले. माणूस अंतराळात नेणाऱ्या गगनयानासाठी सीई-20 इंजिन 39 वेळा पेटवून एकूण 8,810 सेकंद चालवले. गरज 6,350 सेकंदांची होती. ऑगस्ट 2021 मध्ये जीएसएलव्ही एफ-10 फसले तेव्हा हायड्रोजन टाकीच्या व्हॉल्व्हमधली गळती हे कारण इस्रोने तपशिलाने जाहीर केले. मे 2025 मध्ये पीएसएलव्ही सी-61 च्या तिसऱ्या टप्प्यातला दाब घसरला आणि उपग्रह गेला. त्याचा चौकशी अहवाल मात्र तसा लोकांसमोर आला नाही. पीएसएलव्हीत माणूस बसणार नाही, तेव्हा हे आपल्या विषयाबाहेरचे, असे कोणी म्हणेल. पण तो तिसरा टप्पा घन इंधनाचा होता, आणि गगनयान ज्या एलव्हीएम-3 वर बसणार आहे त्याच्या दोन्ही अंगांचे एस-200 बूस्टरही घन इंधनाचेच आहेत. एकदा पेटले की ते बंद करता येत नाहीत.