इंजिन बांधण्याआधी एक आकडा

एरंडोल

चि. बापू,

तुझी यादी मिळाली. पहिल्या ओळीत दोन तोंडांचा वेबर कार्बोरेटर, शेवटच्या ओळीत 'बाकी नट-बोल्ट'. मी ती शेवटाकडून वाचली. आजोबांची फियाट पद्मिनी तुला लोणावळ्याजवळ अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर ४०२ मीटर पळवायची आहे, यात मला काही वेडेपणा वाटत नाही. अमेरिकेत हा खेळ महायुद्धानंतर रिकाम्या पडलेल्या धावपट्ट्यांवरच वाढला, आणि तोही जुन्या, स्वस्त गाड्यांवर. पण सुटे भाग घ्यायला निघण्याआधी एक आकडा ठरव: तुझं इंजिन जास्तीत जास्त किती आरपीएमला जाणार? पिस्टन, कॅम, स्प्रिंगा, कार्बोरेटर, सगळं त्या आकड्याच्या मागून येतं.

फियाटसाठी मी ६००० धरतो. तिचा क्रँक तीनच मेन बेअरिंगवर बसतो, त्यामुळे दोन आधारांमध्ये दोन-दोन रॉड त्याला ओढत असतात आणि वेग वाढला की तो मधे वाकतो. ५००० वरून ६००० वर गेलास की पिस्टन-रॉडवरचा ताण जवळजवळ दीडपट होतो, कारण तो वेगाच्या वर्गाने वाढतो. ७५ मिलिमीटरचा स्ट्रोक आहे, म्हणजे ६००० ला पिस्टन सरासरी सेकंदाला पंधरा मीटर धावतो. तुझे मित्र साडेसात हजाराच्या गप्पा मारतात, त्यांना विचार क्रँक कुठून आणणार.

ब्लॉक जमेल तेवढा मोठा करायचा, असं तू लिहिलंस. हिशेब करून पाहा. ६८ चा बोअर ६९ केला तर १०८९ सीसीचे ११२१ होतात. तीन टक्के. त्यासाठी सिलिंडरची भिंत पातळ करायची आणि गरमी विकत घ्यायची, हे मला पटत नाही. झीज असेल तेवढंच बोअर मार. खुद्द फियाटने १९५३ मध्ये याच मापाच्या इंजिनाचे दोन प्रकार काढले होते. साध्या ११०० मध्ये ३६ घोडे होते, 'तुरिस्मो व्हेलोचे' नावाच्या तेज गाडीत पन्नासच्या आसपास. बोअर तोच, स्ट्रोक तोच. वाढवलं होतं ते कॉम्प्रेशन आणि हवा आत घेण्याची सोय.

म्हणून पैसा हेडवर घाल. पद्मिनीचं कॉम्प्रेशन ७.३ च्या घरात. एका सिलिंडरचे २७२ सीसी धर, तर पिस्टन वर आल्यावर उरणारी जागा ४३ सीसी. नऊचं कॉम्प्रेशन हवं तर ती ३४ वर आणावी लागेल. हे नऊ सीसी नुसतं हेड फेसिंग करून काढायला गेलास तर निदान अडीच मिलिमीटर घासावं लागेल, आणि मग ॲल्युमिनियमच्या हेडमध्ये दम राहणार नाही. थोडं हेडमधून काढ, थोडं उंच माथ्याचे पिस्टन घेऊन भर. हेडमधल्या चारही खोल्या इंजेक्शनच्या पिचकारीने रॉकेल भरून मोज, अंदाजाने नको. व्हॉल्व्ह आणि पिस्टनचा माथा यांत किती अंतर राहतं तेही आधी मातीचा लगदा ठेवून बघ. नऊच्या पुढे जाऊ नकोस. शिवाय पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता वीस टक्के इथेनॉल असतं. ते जुन्या रबराच्या नळ्या आणि पंपाचा पडदा खातं, म्हणून नळ्या आणि पडदा आधी बदल. जेटही मोठी लागेल.

कॅम घासून घेताना टर्नर 'फुल रेस' म्हणेल. नको. तो तीन हजाराच्या खाली इंजिन मारतो, आणि एवढ्या छोट्या इंजिनाला सुटताना तिथेच जोर हवा. त्याच कारणाने फ्लायव्हील फार हलकं करू नकोस. बिडाचं फ्लायव्हील पातळ करून फुटलं तर पाय जातो.

आता तुझ्या 'बाकी नट-बोल्ट'वर येतो. रॉडचे बोल्ट नवेच घे, कितीही चांगले दिसोत. क्रँक घासायला देण्याआधी रॉकेलमध्ये बुडव, कोरडा पूस, खडू लाव. तडा असेल तर रॉकेल खडूवर रेघ काढतं. पिस्टन, पिन आणि रॉड वजन करून जुळव. जळगावला सराफ बाजारात ओळखीच्या दुकानात काटा मिळेल. तोळ्याच्या काट्यावर पिस्टन ठेवल्यावर सराफ काय बोलेल ते ऐकून घे, पण चारही एका ग्रॅमच्या आत आण. या कामाला पैसे जवळजवळ लागत नाहीत, म्हणूनच कोणी ते करत नाही.

मुंबईची शेवटची फियाट टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये बंद झाली. भंगारात गेलेल्या टॅक्सींचे भाग कुर्ल्याच्या बाजारात शोध, पुण्यात नाना पेठेतही विचार. टॅक्सीचा क्रँक लाखो किलोमीटर पळालेला असतो, मायक्रोमीटर खिशात ठेवूनच जा. 'ओरिजिनल' शब्दाला किंमत देऊ नकोस, मापाला दे. कोणी एस्टीमचं इंजिन टाकायला सांगेल. फक्त वेळच कमी करायची असेल तर तो सल्ला बरोबर आहे, खरं सांगतो. पण मग आजोबांच्या गाडीचा पत्रा तेवढा उरेल.

मागची सीट आणि बंपर काढ. नऊशे किलोच्या गाडीतून साठ किलो गेले तर सहा-सात टक्के फायदा फुकट.

जेट इथे बसवू नकोस. एरंडोलला मे महिन्यात ४५ अंशांची हवा पातळ असते, अँबी व्हॅलीला थंडीत हवा जड असेल, पण उंचीमुळे पुन्हा थोडी पातळ. तीन-चार मापांच्या जेट सोबत ने आणि प्लगचा रंग बघून तिथेच ठरव. आणि आपल्या नव्या चौपदरी रस्त्यावर रात्री 'ट्रायल' घ्यायची नाही. बदललेलं इंजिन रस्त्यावर चालवणं कायद्यातही बसत नाही. गाडी दुसऱ्या वाहनावर लादून ने.

अजून काहीही विकत घेऊ नकोस. क्रँक, ब्लॉक आणि हेड तेवढं दिवाळीच्या सुटीत घेऊन ये. हेड एसटीच्या पार्सलने पाठवू नकोस, मांडीवर आण. आल्यावर आधी मोजू, मग यादी करू.

तुझा,
मामा