कुठे उतरलात?

परगावी गेलेल्या माणसाला आमच्या लहानपणी पहिला प्रश्न हाच असायचा. कोणत्या हॉटेलात आहात, असं कोणी विचारत नसे. हॉटेल म्हणजे मिसळ-भजी खायची जागा. मुक्कामाला माणूस उतरायचा तो आत्याकडे, देवस्थानाच्या धर्मशाळेत, नाहीतर ओळखीच्याच्या ओळखीत. गाडीतून खाली येणं आणि रात्रीपुरतं कुठे राहणं, या दोन्हींना मराठीत एकच क्रियापद का, हा विचार मी कधी केला नव्हता. तो वेळासला, पडवीतल्या गादीवर आडवा झाल्यावर सुचला, आणि तेव्हापासून ते क्रियापद काही डोक्यातून उतरत नाही.

वेळास रत्नागिरी जिल्ह्यात, मंडणगड तालुक्यात. नाना फडणवीसांचं मूळ गाव, पण आता लोक येतात ते कासवांसाठी. आम्हा दोघांकडे शनिवार-रविवार एवढीच सुटी होती. शुक्रवारी रात्रीच्या एसटीने मंडणगड आणि तिथून सकाळच्या गाडीने वेळास. उतरायचं होतं एका घरी; माणशी दर, त्यातच चहा, नाश्ता आणि दोन वेळचं जेवण. मुंबईत दोघांनी बाहेर एकदा जेवायचं म्हटलं तर जेवढे जातात, त्याच्या आसपास.

कौलारू घर, मागे नारळी-पोफळींची वाडी, पुढे सारवलेल्या खळ्यात सुपारी वाळत घातलेली. पिशव्या खाली ठेवतोय तोवर घरच्या काकूंनी दिवस मांडून दिला. "आंघोळीचं पाणी आठपर्यंत, मग चुलाण विझतं. जेवण साडेबाराला. संध्याकाळी समुद्रावर जाऊन या, आठला पानं घेते." भाजी कोणती, असं बायकोने विचारलं. "केली असेल ती," काकू म्हणाल्या. त्यात तुसडेपणा नव्हता, माहिती होती.

दोन दिवसांच्या सुटीचं खरं दुखणं हे की तिचा पहिला दिवस आठवड्याचा ताप उतरण्यात जातो. शरीर पोचतं, माणूस पोचत नाही. आणि बरी हॉटेलं हा ताप उतरू देत नाहीत, असं माझं मत होत चाललं आहे. तिथे आपण पैसे देतो ते निवडीचे. एसी कितीवर, खिडकी समुद्राकडची की बागेकडची, नाश्त्याला सतरा पदार्थांतलं काय, जेवण खोलीवर की खाली. आठवडाभर कचेरीत जे केलं तेच इथे, फक्त चप्पल घालून. वेळासच्या घरात ठरवायला काही उरलंच नव्हतं. साडेबाराला पानावर कुळथाचं पिठलं, भात, फणसाच्या कुयरीची भाजी आणि सोलकढी आली. जेवलो. दुपारी मोबाइलला रेंज नव्हती. झोपलो. तीन वाजता जाग आली तेव्हा ध्यानात आलं की सोमवारच्या मीटिंगचा विचार सकाळपासून मनात आला नव्हता. एरवी हे व्हायला रविवारची संध्याकाळ लागते, आणि तेव्हा निघायची वेळ झालेली असते.

मग स्वस्तात राहिलं की झालं? नाही. एका तीर्थक्षेत्री स्टँडसमोरच्या लॉजवर आम्ही याहूनही कमी पैशांत एक रात्र काढली आहे. चादरीवर आधीच्या पाहुण्याचे केस होते, नळाला पाणी नव्हतं आणि काउंटरवरचा मुलगा किल्ली देऊन जो गेला तो सकाळी पैसे घ्यायलाच आला. तिथे आम्ही उतरलो नाही, नुसते पडून राहिलो. लॉज म्हणजे हॉटेलच, पैसे कापलेलं. तिथे सोय नव्हती आणि कोणाचा दिवसही नव्हता. वेळासच्या घरात सोय बेताची, पण घराचा दिवस चालू होता. चुलाण आमच्यासाठी नव्हे, घरासाठी पेटलेलं. आमच्या दोन बादल्यांची भर त्यात. पिठलं त्यांच्याही पानात तेच.

इथे पैशांचा संबंध येतो, आणि तो मला जरा उशिरा कळला. जास्त पैसे मिळाले की यजमानाला आपल्यासाठी वेगळं जग उभारणं परवडतं: वेगळा स्वयंपाक, वेगळी वेळ, वेगळा दरवाजा. पैसे कमी असले की ते जमत नाही. मग त्यांना स्वतःच्याच दिवसात, दाटीवाटीने का होईना, आपल्यासाठी जागा करावी लागते. निवास-न्याहारी म्हणा, घरगुती सोय म्हणा, जेव्हा ती साधते तेव्हा ती या अडचणीमुळेच साधते. आणि पाहुण्याला त्या दिवसाच्या पातळीला यावं लागतं. तेच उतरणं.

संध्याकाळी समुद्रावर गेलो. सुरूच्या झाडांपलीकडे वाळूत जाळीचं कुंपण आणि आत कासवांची घरटी. ऑलिव्ह रिडले जातीची मादी रात्री येऊन साधारण शंभर अंडी घालते आणि परत जाते. पूर्वी ती अंडी माणसं आणि कोल्हे-कुत्रे पळवत. 2002 पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने गावकऱ्यांना बरोबर घेऊन ती राखायला सुरुवात केली. रात्री किनारा चालायचा, अंडी उचलून कुंपणात तशाच खड्ड्यात पुरायची, वर टोपली पालथी घालायची. पुढे ही पिल्लं पाहायला माणसं येऊ लागली आणि गावातली घरं त्यांच्यासाठी उघडली. पिल्लं बाहेर यायला पंचेचाळीस ते साठ दिवस लागतात. वाळू किती तापते यावर ते ठरतं, आणि पिल्लू नर होणार की मादी हेही. म्हणजे तारीख कोणालाच माहीत नसते. सकाळ-संध्याकाळ टोपली उचलून बघायचं, एवढंच.

दोरीमागे पन्नास-साठ जण उभे होते. गावातल्या मुलाने एक टोपली उचलली; वाळू गुळगुळीत. दुसरी उचलली. तिच्याखालीही नुसती वाळू. माझ्या शेजारचे गृहस्थ पुण्याहून कॅमेऱ्याची लांबलचक नळी घेऊन आले होते. ते म्हणाले, "एवढे पैसे खर्चून आलो, काहीतरी गॅरंटी हवी." टोपलीवाल्या मुलाने मान हलवली, होकाराची की नकाराची ते कळलं नाही. रविवारी सकाळीही सगळ्या टोपल्या रिकाम्या निघाल्या. घरी येऊन काकूंना सांगितलं तर म्हणाल्या, "निघतील हो. त्यांना काय ठाऊक तुमची रजा?"

हे सगळं लिहिताना एक गोष्ट मला टोचते. ज्या दिवसात आम्ही उतरलो तो काकूंचा होता, आणि पहाटे साडेचारला त्यांच्या चुलीचा आवाज मी अंथरुणातून ऐकला होता. आमचा शनिवार-रविवार म्हणजे त्यांचे सगळ्यात राबणुकीचे दोन दिवस. आमच्याशिवाय आणखी नऊ जण होते. काका हिशेब बघत, पाहुण्यांना गावच्या गोष्टी सांगत. घावन एकेक करून तव्यावरून काढणाऱ्या काकूच. बायको मदतीला म्हणून आत गेली तर तिला पाटावर बसवून चहा दिला. "तुम्ही सुटीवर आलात ना," त्या म्हणाल्या. त्यांची सुटी कधी असते, हे विचारायचं तिच्या ओठांवर आलं होतं. विचारलं नाही. मीही नाही.

दुपारच्या गाडीने निघालो. काकांनी कॅलेंडरच्या जुन्या पानामागे हिशेब मांडला, त्यात दोन जादा चहा धरले नव्हते. फोन नंबर घेतला, दिला.

सोमवारी संध्याकाळी स्लो लोकलमध्ये, भांडुपच्या आसपास, फोन वाजला. काकांचा मेसेज: "आज 43 निघाली." खाली एक हललेला फोटो, ओली वाळू, तिच्यावर काळे ठिपके, आणि कडेला फेसाची रेघ. ठिपके मोजायला लागलो. एकतीसपर्यंत पोचलो असेन, मान वर केली तर मुलुंड गेलेलं. ठाण्याला उतरलो.