दर्शनाची हमी



पुण्याच्या धायरीसारख्या वस्तीत, जिथे पहाट सरते न सरते तोच सिंहगड रस्त्याची वर्दळ कानी येऊ लागते आणि जिथून अवघा सह्याद्री उतरून गेल्यावाचून समुद्र दृष्टीस पडत नाही, तिथे हिवाळा लागला की घरोघर कोकणप्रवासाची तजवीज सुरू होते. आणि अलीकडे त्या तजविजीत देवदर्शन, मासळीचे जेवण आणि किनाऱ्यावरचा मुक्काम यांच्या जोडीला आणखी एक कलम हटकून असते, ते म्हणजे होडीतून डॉल्फिन पाहण्याचे. त्याविषयी आज मनापासून काही बोलावयाचे आहे.

वाट मोठी रमणीय आहे. पौड, मुळशी करीत ताम्हिणी घाट उतरावा, माणगाव-म्हसळ्यावरून हरिहरेश्वर गाठावे, बागमांडल्याला गाडीसकट जंगलजेटीवर चढून, सावित्री जिथे सागराला मिळते ती बाणकोटची खाडी ओलांडावी, आणि रत्नागिरी जिल्ह्याच्या हद्दीत वेसवीला उतरून वेळास, केळशी, आंजर्ले अशी गावे मागे टाकीत सुवर्णदुर्गासमोरच्या हर्णै बंदरात यावे.

यांपैकी वेळासला मात्र घाईने ओलांडून जाऊ नये. नाना फडणविसांचे मूळ गाव म्हणून इतिहासाला ठाऊक असलेल्या या गावी, 2002 साली, चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ या संस्थेने ग्रामस्थांच्या साहाय्याने ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी राखण्याचे कार्य आरंभिले. किनाऱ्यावर कुंपण घालून केलेल्या जागेत अंडी पुरलेली असतात, त्या खड्ड्यांवर टोपल्या पालथ्या घातलेल्या असतात, आणि सकाळ-संध्याकाळ त्या उचलून पाहण्याचा परिपाठ असतो. टोपलीखाली पिल्ले आलेली असली तर ती वाळूवर सोडली जातात आणि दोरीपलीकडे उभी असलेली माणसे त्यांना लाटेपर्यंत जाताना पाहतात. नसली, तर तीच माणसे निमूटपणे परततात आणि पुन्हा पुढच्या वेळेस येतात. खड्डा उकरून पिल्ले दाखवा, असा आग्रह तिथे कोणी धरीत नाही. हे सौजन्य त्या गावाने पाहुण्यांना शिकविले आहे, आणि माझ्या मते अंडी वाचविण्याइतकेच तेही मोठे कार्य आहे.

तोच पाहुणा हर्णै-मुरुडच्या होडीत पाऊल ठेवतो तेव्हा मात्र त्याचे मन पालटते. ‘डॉल्फिन दिसतील ना? नाही दिसले तर पैसे परत ना?’ हा त्याचा पहिला प्रश्न असतो. मग एखादा कळप वर आला की चहूबाजूंनी होड्या त्याच्यावर चालून जातात, तो बुडी मारून दूर निघतो आणि होड्या पुन्हा त्याच्या मागे लागतात. आपल्या किनाऱ्यालगत मुख्यतः दिसतो तो पाठीवर कुबड असलेला हंपबॅक डॉल्फिन. तो उथळ पाण्यात आणि खाड्यांच्या मुखाशी वावरतो, म्हणजे नेमका तिथेच, जिथे माणसाचाही राबता आहे. तिथल्या गढूळ पाण्यात दृष्टीचा उपयोग थोडा. स्वतः काढलेल्या ध्वनीचा प्रतिध्वनी ऐकून तो भक्ष्य शोधतो, आणि इंजिनांचा गोंगाट नेमका त्या श्रवणाच्याच आड येतो. मादीला एका वेळी एकच पिल्लू होते आणि पुढचे होण्यास काही वर्षे जातात. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला पहिल्या अनुसूचीत घातले आहे, जिथे वाघाला स्थान आहे.

दोष होडी चालविणाऱ्या तांडेलाचा म्हणावा, तर ते न्यायाचे होणार नाही. डिझेलचा खर्च त्याचा, होडीचे हप्ते त्याचे, आणि गिऱ्हाईक रुष्ट झाले तर बुडणारी कमाईही त्याचीच. शिवाय समुद्रावर जगणाऱ्या माणसांना त्यातल्या जिवांची पर्वा नाही, असेही नाही. जाळ्यात सापडलेले कासव वा डॉल्फिन सोडून देण्यासाठी कोळ्याने स्वतःचे जाळे कापले, तर त्याला 25,000 रुपयांपर्यंत भरपाई देण्याची योजना महाराष्ट्रात 2018 च्या अखेरीस सुरू झाली, आणि कोळ्यांनी जाळी कापून असे जीव सोडले आहेत. समुद्र आणि त्यातले प्राणी यांविषयीचे तांडेलाचे ज्ञान आपल्याहून कितीतरी अधिक आहे. त्याला पाठलाग करावयास लावतो तो आपला उतावीळपणा.

इंजिन बंद करून होडी लाटांवर सोडून दिली, तर जे दिसते ते पाठलागात कधीच दिसत नाही. आधी लांबट तोंड तिरके वर येते, मग श्वास सोडल्याचा फुस्स असा आवाज होतो, मग कुबड आणि त्यावरचा छोटासा पर संथपणे वळत पाण्याखाली जातात, आणि आईच्या कुशीला लागून फिक्या रंगाचे पिल्लू तसेच वर येऊन जाते. कधी तासभर थांबूनही काहीच दिसत नाही, आणि तेही मान्य करावयास हवे.

म्हणून श्रोतेहो, येत्या सुट्टीत आपण कोकणात उतराल तेव्हा भाडे ठरवितानाच तांडेलाला स्पष्ट सांगावे, की डॉल्फिन दिसोत वा न दिसोत, ठरलेले पैसे पूर्ण मिळतील. मात्र कळप दिसताच होडी दूरच थांबवावी, इंजिन बंद करावे आणि त्यांच्या मागे जाऊ नये. शक्य असल्यास चार पैसे त्याला अधिकही द्यावेत, आणि आपल्या मागून जाणाऱ्या शेजाऱ्यालाही हेच सांगावे, एवढी माझी विनंती आहे.