कळणे आणि कळल्यासारखे वाटणे

महाविद्यालयीन विद्यार्थ्याचे परीक्षेतील यश कशावर अवलंबून असते, हा प्रश्न कोणत्याही विषयाबाबत विचारता येतो. मानसशास्त्राच्या बाबतीत मात्र त्याला एक वेगळा पीळ आहे. स्मृती, अवधान, प्रेरणा, सवय, चिंता या ज्या गोष्टींवर विद्यार्थ्याचे गुण ठरतात, त्याच गोष्टी त्याच्या पाठ्यपुस्तकात प्रकरणे होऊन बसलेल्या असतात. शिवाय त्यांच्याविषयीचे बरेचसे संशोधन ज्यांच्यावर झाले, तेही मानसशास्त्राचेच विद्यार्थी होते; कारण विद्यापीठातल्या संशोधकाला सर्वांत सहज मिळणारा प्रयुक्त, म्हणजे ज्याच्यावर प्रयोग केला जातो ती व्यक्ती, समोरच्या बाकावरच बसलेला असतो. एवढे सगळे हाताशी असूनही या विषयाचा विद्यार्थी इतर विद्यार्थ्यांपेक्षा शहाणपणाने अभ्यास करतो असे दिसत नाही, आणि हे असे का व्हावे हा प्रश्न केवळ आळसाकडे बोट दाखवून सुटणारा नाही.

जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाउस याने 1885 मध्ये स्मृतीवरचा आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. प्रयोगकर्ता तोच आणि प्रयुक्तही तोच. अर्थाचा आधार मिळू नये म्हणून त्याने निरर्थक शब्दावयवांच्या याद्या तयार केल्या आणि त्या वर्षानुवर्षे पाठ केल्या. बारा शब्दावयवांची यादी एकाच बैठकीत 68 वेळा घोकल्याने दुसऱ्या दिवशी जो लाभ झाला, जवळपास तेवढाच लाभ तीन दिवसांत विभागलेल्या 38 आवर्तनांनी झाला, असे त्याला आढळले. यालाच विभाजित अध्ययन म्हणतात. महाराष्ट्रातील बी.ए.च्या विद्यार्थ्याला हा मुद्दा ठाऊक असतो, त्यावर तो टीपही लिहितो. फक्त ती टीप त्याने परीक्षेच्या आदल्या रात्री, म्हणजे एकाच बैठकीत, पाठ केलेली असते. येथे ज्ञान आणि वर्तन यांत अंतर पडले एवढेच म्हणून भागत नाही. एका बैठकीत वाचलेले पान तिसऱ्या वाचनाला ओळखीचे वाटू लागते, आणि ती ओळख म्हणजेच ज्ञान असा विद्यार्थ्याचा प्रामाणिक समज होतो. अडचणीचे मूळ या समजात आहे.

हा समज मानसशास्त्रात इतर विषयांपेक्षा लवकर पक्का होतो, कारण त्याची परिभाषा बरीचशी रोजच्या बोलण्यातली आहे. रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्याला संयुजा हा शब्द अनोळखी असल्यामुळे आपल्याला तो समजलेला नाही हे निदान कळते. बुद्धी, प्रेरणा, भावना, व्यक्तिमत्त्व हे शब्द मात्र घरीदारी ऐकलेले असतात, त्यामुळे त्यांची शास्त्रीय व्याख्या वाचताना मान आपोआप डोलते आणि पान उलटले जाते. ऋण प्रबलनाचे उदाहरण या दृष्टीने पाहण्याजोगे आहे. प्रबलन म्हणजे एखादे वर्तन पुन्हा घडण्याची शक्यता वाढवणारा परिणाम. ऋण प्रबलनात ही वाढ एखादी त्रासदायक गोष्ट दूर झाल्यामुळे होते. गोळी घेतल्यावर डोकेदुखी थांबली, म्हणून पुढच्या वेळी हात आधीच गोळीकडे गेला, तर ते ऋण प्रबलन होय. पण ‘ऋण’ या शब्दाला वजाबाकीचा आणि नकाराचा वास असल्यामुळे विद्यार्थी तेथे शिक्षेचे उदाहरण देतो. शिक्षेने वर्तन घटते आणि ऋण प्रबलनाने ते वाढते, ही साधी कसोटी त्याने लावलेली नसते, कारण कसोटी लावावी असा संशयच त्याच्या मनात येत नाही.

आपल्याला काय येत नाही हे ओळखण्याच्या या क्षमतेला अधिबोधन म्हणतात, म्हणजेच स्वतःच्या जाणण्याविषयीचे जाणणे. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाच्या जस्टिन क्रूगर आणि डेव्हिड डनिंग यांनी 1999 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, मानसशास्त्राच्या वर्गांतून निवडलेल्या विद्यार्थ्यांना तर्क, व्याकरण इत्यादींच्या चाचण्या देऊन स्वतःच्या क्रमांकाचा अंदाज करण्यास सांगितले होते. सर्वांत खालच्या चतुर्थांशातील विद्यार्थी सरासरीने 12व्या शतमकावर होते, म्हणजे शंभरात जेमतेम बारा जणांच्या पुढे. त्यांचा स्वतःविषयीचा अंदाज मात्र 62व्या शतमकाचा होता. या तफावतीचा काही भाग निव्वळ सांख्यिकीय आहे, असा आक्षेप नंतर घेतला गेला आणि तो दुर्लक्षणीय नाही. तरीही पेपर सोपा गेला म्हणून खुशीत बाहेर पडणारा आणि निकालाच्या दिवशी फेरतपासणीचा अर्ज भरणारा विद्यार्थी कोणत्याही प्राध्यापकाला अपरिचित नसतो.

याच्या नेमके उलट दिसणारे एक निरीक्षण आहे. रिचर्डसन, अब्राहम आणि बाँड यांनी 2012 मध्ये तेरा वर्षांच्या संशोधनाचा एकत्रित आढावा घेतला, तेव्हा विद्यापीठातील गुणांशी सर्वांत निकटचा संबंध आढळला तो विद्यार्थ्याच्या स्वतःच्या यशाविषयीच्या खात्रीचा. सहसंबंध सुमारे 0.59, म्हणजे अशा संशोधनात क्वचितच दिसणारा. तेव्हा आत्मविश्वास तारतो की बुडवतो? दोन्ही विधानांचा मेळ घालायचा तर ही खात्री कोठून आली हे पाहावे लागते. ज्याने सत्राच्या मध्यावर दोन चाचण्या दिल्या आणि गुण पाहिले, त्याची खात्री ही बहुधा त्या गुणांचीच सावली असते. ज्याने फक्त पुस्तक चाळले, त्याची खात्री ओळखीच्या भासातून आलेली असते. सहसंबंध म्हणजे कार्यकारणभाव नव्हे, हे वाक्य मानसशास्त्राच्या पहिल्याच वर्षी शिकवले जाते. पण विद्यार्थ्यांना आत्मविश्वास वाढवण्याची व्याख्याने देणाऱ्यांना त्याचा सोयीस्कर विसर पडतो.

मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्यापुढे आणखी एक पेच असतो. अभिसंधान, परिवर्त्य, प्रमाण विचलन हे शब्द त्याला रोजच्या मराठीने दिलेले नाहीत आणि त्यांचे इंग्रजी पर्यायही त्याच्या कानावरून क्वचितच गेलेले असतात. एका बाजूला फसव्या ओळखीचे शब्द आणि दुसऱ्या बाजूला पूर्ण परके शब्द, अशा कात्रीत सापडल्यावर तो गाइडकडे वळतो यात नवल नाही. गाइडमध्ये उत्तर तयार असते, मुद्दे अधोरेखित असतात, आणि आठवून पाहण्याचे जे कष्ट शिकण्यासाठी आवश्यक असतात, तेच नेमके वाचवलेले असतात. म्हणून माध्यमाचा दोष जेवढा मानला जातो तेवढा नसावा. तयार उत्तराची सवय इंग्रजी माध्यमातही तेवढेच नुकसान करते.

प्रात्यक्षिकाचा तास ही फसवी ओळख मोडण्याची उत्तम जागा आहे. दोन विद्यार्थी समोरासमोर बसतात, एक प्रयोगकर्ता आणि दुसरा प्रयुक्त. आरशात पाहून ताऱ्याच्या दुहेरी रेषांमधून पेन्सिल फिरवायची, प्रत्येक प्रयत्नाचा वेळ आणि चुका नोंदवायच्या. हात उलटा पळतो, पेन्सिल कोपऱ्यात अडकते, चौथा प्रयत्न तिसऱ्यापेक्षा वाईट होतो. खरा आलेख असा वेडावाकडा असतो, आणि तो तसा का आला याची चर्चा झाली, तर अध्ययन म्हणजे काय हे त्या अर्ध्या तासात कळू शकते. पण जर्नल तपासले जाणार असते, मागच्या वर्षीचे जर्नल हाताशी असते, आणि म्हणून चौथ्या प्रयत्नाचा आकडा हळूच बदलून रेषा गुळगुळीत उतरती केली जाते. निष्कर्षाचे वाक्यही त्याच जर्नलमधून येते. गुण पूर्ण मिळतात.

उपस्थिती, झोप आणि पैसा यांचा वाटा कमी नाही. उपस्थितीविषयी 2010 च्या एका व्यापक आढाव्यात असे आढळले होते की महाविद्यालयीन गुणांशी तिचा संबंध प्रवेशपरीक्षेच्या गुणांपेक्षाही निकटचा असतो. पहाटे दूध किंवा वर्तमानपत्रे टाकून, एसटीने तासभर प्रवास करून वर्गात पोहोचणाऱ्या मुलाची अनुपस्थिती ही वृत्तीची बाब म्हणून हजेरीपटावर मांडली जाते, हा त्या मोजमापाचाच दोष म्हटला पाहिजे.

परंतु अभ्यासाच्या रीतीचा प्रश्न यांपैकी कशानेही मिटत नाही. रोडिगर आणि कार्पिकी यांच्या 2006 च्या प्रयोगात एका गटाने उतारा चार वेळा वाचला, तर दुसऱ्या गटाने तो एकदाच वाचून तीन वेळा, न पाहता, आठवून लिहिला. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत वाचणारे पुढे होते, 83 टक्के विरुद्ध 71. आठवड्याने हेच प्रमाण उलटून 40 विरुद्ध 61 झाले. आपल्या लक्षात अधिक राहील असा विश्वास मात्र चार वेळा वाचणाऱ्यांनाच जास्त होता. आदल्या रात्रीचा अभ्यास आणि सकाळचा पेपर ही व्यवस्था त्या पाच मिनिटांच्या टोकाला जवळची आहे, त्यामुळे विद्यार्थ्याची रीत त्याच्यापुरती हिशोबाला धरूनच असते आणि परीक्षाही तिला वर्षानुवर्षे दुजोरा देते. आठवड्याचे टोक येते ते पुढच्या सत्रांत. पहिल्या वर्षी उत्तम गुण मिळवलेल्या सांख्यिकीची गरज तिसऱ्या वर्षीच्या प्रकल्पाला लागते, तेव्हा प्राध्यापक प्रमाण विचलनाचे सूत्र पुन्हा फळ्यावर लिहितात, आणि वर्ग नवे पान उघडून ते पहिल्यांदाच पाहिल्यासारखे उतरवून घेतो.