दोष कुणाचा?

एखादे मूल नजरेला नजर देत नाही, हाक मारली तरी वळत नाही. शेजारी म्हणतात, ‘मागच्या जन्मीचे पाप!’ १९५० व १९६० च्या दशकांत अमेरिकेतील काही तज्ज्ञ म्हणत, ‘आईने माया लावली नाही.’ दोन्ही बोल खोटे. ही स्वमग्नता आहे. तिचे मूळ मेंदूच्या घडणीत व बऱ्याच अंशी आनुवंशिकतेत आहे, असे संशोधन सांगते.

मग औषध? ऑक्सिटोसिन या संप्रेरकावर मोठी आशा होती. अमेरिकेत २९० मुलांवर २४ आठवडे त्याची पारख झाली. काहींच्या नाकात त्याचा फवारा, काहींच्या नाकात नुसताच औषधाविना. २०२१ साली निष्कर्ष आला: दोन्ही गटांच्या सामाजिक वागणुकीत लक्षणीय फरक नाही.

तेव्हा गंडेदोरे आणि ‘रामबाण’ औषधे, दोन्ही दूर ठेवा. लवकर तपासणी करा. बोलण्या-वागण्याच्या शिक्षणाचा उपयोग होतो.

पण मूल बदलेपर्यंत त्याला बाजूला बसवायचे काय? बाजूला बसविणे म्हणजे काय, हे आपल्याला कुणी शिकवायला नको! त्याला पंगतीत घ्या, विहारात आणा. गोंगाट सोसत नसेल तर लाऊडस्पीकर कमी करा. मैत्रीला औषधाची वाट पाहावी लागत नाही.